मंत्रचळ

मंत्रचळ : नको असताना मनात पुन्हा पुन्हा घुसणारे विचार, प्रतिमा किंवा ऊर्मी आणि त्यांतून उठणारी बेचैनी शमवण्यासाठी पुन्हा पुन्हा केल्या जाणाऱ्या कृती, असे दुहेरी स्वरूप असलेला मानसिक विकार. वैद्यकात तो ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह डिसऑर्डर किंवा ओसीडी या नावाने ओळखला जातो. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांनुसार साधारण २ ते ३ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी तो होतो. सुरुवात बहुधा किशोरवयात किंवा विशीच्या आगेमागे होते; मुलग्यांत ती दहा वर्षांच्या आतही होऊ शकते, पस्तिशीनंतर मात्र क्वचितच. बोलण्याच्या ओघात टापटिपीच्या माणसालाही मंत्रचळ्या म्हटले जाते. विकाराचा गाभा मात्र न मिटणाऱ्या शंकेत आहे. ती मिटवण्यासाठी केलेली कृती घटकाभर आराम देते आणि पुढच्या शंकेला बळ देते. निदान व उपचार यांची आजची मांडणी या चक्राच्या आकलनावर उभी आहे.

स्वरूप व लक्षणे : लक्षणांचे ढोबळ मानाने चार गट पडतात. पहिला गट दूषित होण्याच्या भीतीचा. जंतू, मलमूत्र, रसायने यांच्या स्पर्शाची धास्ती वाटते आणि हात धुणे, आंघोळ, कपडे व भांडी धुणे तासन्‌तास चालते. बाजारातून आलेल्या नोटा धुऊन वाळत घालणे, घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला थेट न्हाणीघरात पाठवणे, हे प्रकार याच गटातले. दुसरा गट आपल्या हातून काही घात होईल या शंकेचा : गॅस, कुलूप, नळ, विजेची बटणे पुन्हा पुन्हा तपासणे, गाडी कोणाच्या अंगावरून तर गेली नाही ना, हे पाहायला मागे वळून येणे. तिसऱ्या गटात वस्तू ठरावीक मांडणीत नसतील तर जिवाला स्वस्थता नसते. मोजणे, रांगेत लावणे, एखादी क्रिया ‘बरोबर वाटेपर्यंत’ करत राहणे सुरू होते. चौथ्या गटातील विचार रुग्णाला सर्वांत लाजिरवाणे वाटतात : देवाबद्दल अभद्र शब्द, निषिद्ध लैंगिक प्रतिमा, जवळच्या माणसाला इजा करण्याची ऊर्मी. येथे कृती अनेकदा बाहेरून दिसतच नाही. मनातल्या मनात जप, माफी मागणे, घडलेला प्रसंग पुन्हा पुन्हा आठवून तपासणे असे तिचे रूप असते. त्यामुळे वरून शांत बसलेला माणूसही दिवसभर या फेऱ्यात अडकलेला असू शकतो.

बाळंतपणानंतर दिसणारा मंत्रचळ या चौथ्या गटाचे स्वरूप स्पष्ट करतो. बाळ आपल्या हातून खाली पडेल, आपणच त्याला इजा करू, असे विचार नव्या आईला छळतात. मग ती सुरी कपाटात बंद करते, बाळाला एकटीने आंघोळ घालायचे टाळते. या विचारांची तिला ओढ नसते, धसका असतो, म्हणूनच ती बाळापासून दूर राहते. प्रसूतीनंतरच्या मनोविक्षिप्ततेपासून हे वेगळे ओळखणे महत्त्वाचे ठरते, कारण तेथे वास्तवाचे भान सुटलेले असते आणि बाळाला व आईला खरा धोका संभवतो.

नकोसे विचार येणे हा स्वतः विकार नव्हे. स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डी सिल्वा यांनी १९७८ मध्ये दाखवले, की असे विचार निरोगी माणसांपैकी बहुसंख्यांनाही येतात आणि त्यांचा मजकूरही रुग्णांच्या विचारांसारखाच असतो. फरक पडतो तो त्यांना दिलेल्या वजनामुळे. निरोगी माणूस ‘काहीतरीच’ म्हणून विचार सोडून देतो. रुग्ण तो आपल्या स्वभावाचा पुरावा किंवा येणाऱ्या संकटाची सूचना मानतो आणि निवारणाला लागतो.

तपासण्याने शंका कमी का होत नाही, याचे उत्तर मार्सेल फान डेन हाउट आणि मेरेल किंट या डच संशोधकांच्या २००३ च्या प्रयोगात मिळते. त्यांनी निरोगी स्वयंसेवकांना संगणकाच्या पडद्यावरील गॅसची शेगडी पुन्हा पुन्हा तपासायला लावली. शेवटच्या खेपेला काय केले, हे स्वयंसेवकांना बरोबर सांगता आले. पण ती आठवण धूसर झाली होती आणि तिच्यावरचा त्यांचा भरवसा उडाला होता. गॅस दहादा तपासणाऱ्याची स्मरणशक्ती सहसा शाबूत असते. तपासण्यानेच तिच्यावरचा विश्वास झिजतो, म्हणून अकराव्यांदा उठावे लागते.

इतिहास : युरोपात या लक्षणांचा उल्लेख आधी धर्मजीवनाच्या संदर्भात येतो. सोळाव्या शतकात ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला यांनी पापाच्या अनाठायी शंकेचे वर्णन करताना, क्रुसाच्या आकारात पडलेल्या दोन काड्यांवर चुकून पाय पडल्याचे उदाहरण दिले होते. फ्रेंच वैद्य एस्किरोल यांनी १८३८ मध्ये हिशेबात आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान होईल, या भीतीने ग्रासलेल्या स्त्रीची हकीकत नोंदवली. जर्मन मनोविकारतज्ज्ञ कार्ल वेस्टफाल यांनी १८७७ मध्ये, बुद्धी शाबूत असताना इच्छेविरुद्ध मनात येणाऱ्या कल्पना अशी व्याख्या करून हा विकार वेडापासून वेगळा काढला. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ प्येर जाने यांचा या विषयावरील मोठा ग्रंथ १९०३ मध्ये, तर फ्रॉइड यांचा ‘रॅट मॅन’ नावाने गाजलेला रुग्णवृत्तांत १९०९ मध्ये आला. मनोविश्लेषणाने विकाराचे अर्थ पुष्कळ लावले, पण रुग्णांची लक्षणे त्याने फारशी हटली नाहीत. १९६० च्या दशकापर्यंत मंत्रचळ हा दुर्मीळ आणि चिवट विकार मानला जात होता. १९८० च्या दशकात अमेरिकेतील घरोघरच्या पाहणीने तो दुर्मीळ असल्याचा समज खोडून काढला. रुग्ण होते; लाजेपोटी ते दवाखान्यात येत नव्हते.

कारणे : एकच एक कारण सापडलेले नाही. जुळ्यांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटा लक्षणीय दिसतो, मात्र कोणत्याही एका जनुकाने विकार होत नाही. मेंदूच्या प्रतिमांत डोळ्यांच्या खोबणीवरील अग्रखंडाचा भाग, तळगंडिकांतील कॉडेट आणि थॅलॅमस यांना जोडणाऱ्या मंडलाची क्रिया वाढलेली आढळते. चूक झाली, धोका आहे, अशी सूचना देणारे हे मंडल काम झाल्यावरही थांबत नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. लुइस बॅक्स्टर यांच्या पथकाने १९९२ मध्ये दाखवले, की औषधाने बरे वाटलेल्या आणि वर्तनोपचाराने बरे वाटलेल्या अशा दोन्ही रुग्णांत कॉडेटची वाढलेली क्रिया कमी होते. विकार ‘मेंदूचा की मनाचा’ या वादाला त्यामुळे फारसा अर्थ उरला नाही. बाळंतपण, जवळच्याचा मृत्यू, वाढलेली जबाबदारी अशा ताणाच्या काळात लक्षणे सुरू होतात किंवा बळावतात. काही मुलांत घशाच्या स्ट्रेप्टोकोकस संसर्गानंतर ती अचानक दिसतात. या संबंधाबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत.

संस्कृती विकार निर्माण करत नाही, पण त्याला विषय पुरवते. सोवळेओवळे, विटाळ, शिवाशिव यांचे वळण असलेल्या घरात शंका त्याच वाटेने प्रकट होते. सोवळ्यातली आजी आणि मंत्रचळाची रुग्ण यांत भेद करता येतो. आजीचे नियम ठरलेले असतात, ते पाळून झाले की ती समाधानाने पानावर बसते. रुग्णाला नियम पाळूनही समाधान मिळत नाही, नियम वाढत जातात आणि त्याच परंपरेतल्या इतरांनाही ते अतिरेकी वाटतात.

निदान : रक्ततपासणी किंवा मेंदूच्या प्रतिमेवरून निदान होत नाही, ते मुलाखतीतून होते. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या डीएसएम-५ या वर्गीकरणानुसार विचार वा कृतींत दिवसाचा एक तासाहून अधिक वेळ जाणे किंवा त्यांमुळे लक्षणीय त्रास होणे अथवा काम, शिक्षण, संसार यांत अडथळा येणे आवश्यक आहे. याच वर्गीकरणाने मंत्रचळ चिंताविकारांतून काढून स्वतंत्र गटात घातला. वस्तूंचा अतिसंचय, रूपातील कल्पित व्यंगाचा ध्यास, केस उपटण्याचा विकार हे त्याचे शेजारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्येही अशीच व्यवस्था आहे.

लाजेमुळे रुग्ण आपणहून बोलत नाहीत, म्हणून थेट प्रश्न विचारावे लागतात : खूप धुता किंवा स्वच्छ करता का? पुन्हा पुन्हा तपासता का? नकोसा विचार पिच्छा सोडत नाही, असे होते का? रोजची कामे उरकायला फार वेळ लागतो का? तीव्रता मोजण्यासाठी १९८९ पासून वापरात असलेल्या येल-ब्राउन मापनात दहा प्रश्न व ० ते ४० गुण असतात. १६ ते २३ गुण मध्यम, तर २४ पासून पुढे तीव्र विकार मानतात. स्किझोफ्रेनियात विचार बाहेरून कोणीतरी घातल्याची खात्री असू शकते. मंत्रचळात विचार आपलाच आहे आणि तो अतिरेकी आहे, हे बहुतेकांना कळत असते. काहींत मात्र ही जाण क्षीण असते. शिस्त व काटेकोरपणा यांचा अतिरेक असलेल्या व्यक्तिमत्त्वाला आपले वागणे योग्यच वाटते. मंत्रचळाच्या रुग्णाला ते छळते. नैराश्य पुष्कळदा सोबत असते आणि आत्महत्येचा धोकाही वाढलेला असतो, म्हणून त्याची चौकशी प्रत्येक तपासणीत करतात.

उपचार : वर्तनोपचाराचा पाया व्हिक्टर मेयर यांनी लंडनमध्ये १९६६ साली घातला. धुण्याच्या आणि अभद्र विचारांच्या फेऱ्यात अडकलेल्या दोन रुग्णांना त्यांनी भीतीच्या प्रसंगात ठेवले आणि कृती करू दिली नाही. बेचैनी वाढली आणि कृती न करताही ओसरली. एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, म्हणजेच ईआरपी, ही आजची प्रमुख मानसोपचार पद्धती यातूनच घडली.

ईआरपीत रुग्ण व उपचारक मिळून भीतीची चढती यादी करतात आणि प्रत्येक पायरीला शंभरांपैकी बेचैनीचे गुण देतात. दूषित होण्याची भीती असलेल्या मुंबईकर रुग्णाची यादी अशी असू शकते : न धुतलेली दुधाची पिशवी हातात धरणे ३०, बाहेरच्या चपलेला हात लावणे ४५, लोकलमधली कडी धरणे ६०, त्याच हाताने घरी येऊन उशीला स्पर्श करणे ७५, स्टेशनावरील स्वच्छतागृहाची कडी लावून हात न धुता वडापाव खाणे ९५. (शेवटची पायरी आरोग्याचा धडा म्हणून नसते, शंका सोसता येते, याचा अनुभव हा तिचा हेतू.) सुरुवात खालच्या वा मधल्या पायरीपासून होते. पिशवी धरल्यावर हात धुवायचा नाही, कोणाला ‘काही होणार नाही ना?’ असे विचारायचेही नाही. साधारण १२ ते २० बैठका आणि त्यांच्या मधल्या काळातला रोजचा घरचा सराव, असा हा उपचार असतो. सक्तीने काही करवले जात नाही.

औषधांपैकी क्लोमिप्रमीनचा उपयोग स्पेनमधील डॉक्टरांनी १९६० च्या दशकात नोंदवला; अमेरिकेत त्याला या विकारासाठी १९८९ मध्ये मान्यता मिळाली. आज पहिली पसंती फ्लुओक्सेटिन, फ्लुव्होक्सामीन, सर्ट्रॅलिन, एस्सिटॅलोप्रॅम यांसारख्या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्यांना असते. नैराश्यापेक्षा येथे मात्रा बहुधा जास्त लागते आणि परिणाम ठरवण्यासाठी ८ ते १२ आठवडे थांबावे लागते. पंधरा दिवसांत ‘गुण नाही’ म्हणून औषध सोडणे हे अपयशाचे नेहमीचे कारण आहे. सुमारे निम्म्या किंवा त्याहून थोड्या अधिक रुग्णांना पहिल्या औषधाने लक्षणीय आराम पडतो. आराम पडल्यावरही गोळ्या किमान एक-दोन वर्षे चालू ठेवतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात. गुण न आल्यास औषध बदलतात, ईआरपीची जोड देतात किंवा अॅरिपिप्रॅझोल, रिस्पेरिडोन यांची अल्प मात्रा सोबत देतात. कशालाच दाद न देणाऱ्या मोजक्या रुग्णांसाठी चुंबकीय उद्दीपन आणि मेंदूच्या आत विद्युदग्रे बसवणे हे मार्ग आहेत.

कुटुंबाची भूमिका : घरचे लोक मायेपोटी विकाराला हातभार लावतात : सांगितले की पाय धुतात, ‘हो, कुलूप लागलंय’ असे रोज दहादा सांगतात, रुग्णाऐवजी स्वतः गॅस तपासतात. हा पाठिंबा जितका जास्त, तितकी लक्षणे तीव्र आणि उपचाराचा गुण कमी, असे अभ्यासांत आढळते. दुसऱ्या टोकाला रागावणे, टोमणे मारणे यानेही बेचैनी वाढते. म्हणून उपचारात कुटुंबाला सामील करून घेऊन हे सहकार्य ठरवून, टप्प्याटप्प्याने कमी केले जाते.

भारतातील स्थिती : बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत मंत्रचळाचे प्रमाण सुमारे ०.८ टक्के आढळले. महाराष्ट्र त्या राज्यांत नव्हता. बहुतेक मानसिक विकारांच्या रुग्णांपैकी ७० टक्क्यांहून अधिक जण उपचारांविना असल्याचेही याच पाहणीत दिसले. निम्हान्समध्ये या विकाराचे स्वतंत्र उपचारकेंद्र आहे. महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत; गोव्यात बांबोळी येथे मानसोपचार संस्था आहे. मात्र बहुसंख्य रुग्णांना भरती व्हावे लागत नाही. बाह्यरुग्ण विभागातील उपचार पुरतात. ईआरपी नीट शिकलेले उपचारक मोठ्या शहरांबाहेर कमी असल्याने प्रत्यक्षात अनेकांचा उपचार गोळ्यांवरच थांबतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचारांचा हक्क दिला आणि विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण देणे बंधनकारक केले. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनाशुल्क सल्ला मिळतो.

पूर्वानुमान : स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे रुग्णांचा सुमारे चाळीस वर्षे मागोवा घेणारा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. आजचे उपचार बहुतेकांना मिळालेले नसतानाही ८३ टक्के रुग्णांची स्थिती सुधारली होती, पण पूर्ण बरे झालेले २० टक्केच होते. आधुनिक उपचारांनी चित्र याहून चांगले झाले आहे. तरी ताणाच्या काळात लक्षणे उलटू शकतात. ईआरपी शिकलेल्या रुग्णांत औषध थांबवल्यानंतर लक्षणे उलटण्याचे प्रमाण तुलनेने कमी दिसते, कारण शंका आली तरी उठून कुलूप न पाहण्याचा सराव त्यांच्या गाठीशी असतो.