गोळीची चव आणि गावाचे नाव

दिवाळीच्या फराळाच्या ताटात सगळ्यांना मान असतो. चकलीला काटा आला की नाही, अनारशाला जाळी पडली की नाही, करंजी खुळखुळते की गच्च भरलेली आहे, याची चर्चा घरोघर चालते. कागदात गुंडाळलेल्या गोळीला मात्र या ताटात जागा नाही. तिची जागा पोरांच्या मुठीत, सदऱ्याच्या खिशात, फार तर दप्तराच्या तळाशी. म्हणूनच की काय, लाडूमांड्यांचा इतिहास शोधणारे अभ्यासक सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’पर्यंत मागे जातात, पण गोळीचा इतिहास लिहावा असे कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः मराठी मुलखातील कारखानदारीचा आणि मराठी जिभेच्या शिक्षणाचा बराच भाग या क्षुल्लक वस्तूत विरघळलेला आहे. आणि त्या इतिहासाचे एक मोठे ठाणे नाशिक जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातील रावळगावी आहे.

गोळी म्हणजे मुळात पाकाचाच एक प्रकार. पाक ओळखण्याच्या खुणा आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. बोटांत धरून ताणला असता एक तार निघते तो एकतारी, दोन निघतात तो दोनतारी. थेंब पाण्यात टाकून त्याची गोळी वळता आली तर गोळीबंद. आणि तोच थेंब वाटीत टाकल्यावर टणकन वाजला तर चिक्कीचा. कारखान्यातही हेच चालते. बोटांऐवजी तेथे उष्णतामापक असतो एवढेच. पाक १५० अंश सेंटिग्रेडच्या आसपास नेला की त्यात पाण्याचा अंश शेकडा एकदोनच उरतो आणि गोळी काचेसारखी कडक होते. तोच १२०-१२५ अंशांवर उतरविला, त्यात थोडे स्निग्ध द्रव्य घातले आणि सगळा गोळा यंत्राच्या बाहूंवर पुन्हापुन्हा ताणून त्यात हवा कोंडली, की चघळण्याची मऊ गोळी होते. साखरेचे दाणे पुन्हा जमू नयेत म्हणून मक्याच्या स्टार्चपासून केलेला ग्लुकोजचा पाक, आणि जिभेला फळाचा भास व्हावा म्हणून लिंबूसत, ही दोन्ही प्रकारांत लागतात.

फळ चघळत खाण्याची गोडी मात्र आपल्याला कारखान्याने लावलेली नाही. कोकणात आंब्याफणसाचा रस ताटात पसरून उन्हात वाळवतात आणि त्याची पोळी वर्षभर पुरवतात. आवळ्याच्या फोडी मीठ किंवा साखर लावून सुकवतात. नाशिककडे द्राक्षाचा बेदाणा होतो. या साऱ्या वस्तूंत एक गोष्ट समान आहे: उन्हाने पाणी तेवढे उडते, फळ शिल्लक राहते. आंबापोळीला ‘आंबा’ म्हणताना आपण काही खोटे बोलत नाही. फळ आणि फळाचे नाव यांची फारकत तेथे झालेली नसते.

ही फारकत झाली ती विलायतेत, रसायनशाळेत. लंडनला १८५१ साली भरलेल्या जगप्रसिद्ध प्रदर्शनात कृत्रिम फळसुगंध लोकांसमोर मांडले गेले, आणि हॉफमन या नामवंत रसायनशास्त्रज्ञाने त्यांची दखल घेतली. पेअर, सफरचंद, अननस या फळांचा वास आता बाटलीत मिळू लागला, आणि त्या बाटलीचा फळबागेशी काहीही संबंध नव्हता. मद्यार्क आणि आम्ल यांच्या संयोगाने होणारे हे पदार्थ होते. थेंबभर द्रव, शेरभर साखर, चिमूटभर आम्ल आणि थोडा रंग एवढ्यावर हजारो मुलांना अननस चाखवता येऊ लागला. ज्यांनी अननस जन्मात पाहिला नव्हता त्यांनाही!

हिंदुस्थानात ही विद्या रुजावयास साखर स्वस्त आणि मुबलक व्हावी लागली. मुंबईजवळ पार्ल्याला १९२९ साली सुरू झालेल्या कारखान्याने प्रथम संत्र्याची गोळी केली. त्याची बिस्किटे मागाहून आली. पुढे १९३२ साली सरकारने साखरधंद्याला जकातीचे संरक्षण दिले. त्यापूर्वी साऱ्या देशात साखरेचे तीसेक कारखाने होते. चारपाच वर्षांत ते सव्वाशेच्या पुढे गेले. या लाटेतच वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली रावळगाव शुगर फार्म ही कंपनी स्थापन केली. सोलापूरला १८८२ साली जन्मलेला हा माणूस मोठ्या उड्या घेणारा. इंग्रज आगबोट कंपन्यांच्या नाकावर टिच्चून त्यांच्या ‘लॉयल्टी’ बोटीने १९१९ साली मुंबईहून विलायतेची सफर केली. १९४० साली बंगळूरला त्यांनी विमानांच्या कारखान्याचा पाया घातला. जहाज, विमान, मोटार या त्यांच्या कर्तृत्वावर ग्रंथ लिहिले गेले. पण १९४२ साली, महायुद्ध ऐन भरात असताना, रावळगावी गोळ्यांचा उद्योग सुरू झाला, त्याची नोंद चरित्रकारांच्या लेखी दोन ओळींची. वालचंदांची विमाने किती जणांनी पाहिली असतील ते असो. त्यांची गोळी मात्र ज्याच्या मुठीत पैसा होता त्या प्रत्येक पोरापर्यंत पोहोचली.

येथे एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट घडली. गोळीला कोणा देवाचे, कारखानदाराचे किंवा विलायती शहराचे नाव न देता गावाचेच नाव दिले गेले. चेरी, संत्रे, पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक अशी निरनिराळी बारशी पुढे झाली, पण आडनाव एकच: रावळगाव. त्या गावाचा रस्ता ज्यांना ठाऊक नव्हता अशांच्याही तोंडी ते नाव बसले. मालेगाव हे हातमाग-यंत्रमागांचे गाव म्हणून प्रसिद्ध. त्याच्या तालुक्यातील एक खेडे केवळ गोडीच्या जोरावर देशभर ओळखीचे झाले.

आता या गोळ्यांची चव खरोखर कशी, हा प्रश्न. वाण्याच्या दुकानातून निरनिराळ्या कारखान्यांच्या पाचसहा जातींच्या गोळ्या आणाव्यात, डोळे मिटून एकेक चाखावी आणि मग त्या त्या फळाशी ताडून पाहावी. हा प्रयोग स्वस्त आहे आणि बोधप्रदही आहे.

संत्र्याची गोळी सर्वांत प्रामाणिक ठरते. याचे कारण साधे आहे. संत्र्याचा वास सालीतील तेलात असतो, आणि रस काढून उरलेल्या साली दाबल्या की ते तेल स्वस्तात मिळते. म्हणून या गोळीत फळाचा खराखुरा अंश असू शकतो. नागपूरच्या माणसानेही तिच्यावर फारसा आक्षेप घेऊ नये. रासबेरीची गोष्ट नेमकी उलटी. आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांनी ती लालभडक गोळी आणि तसलेच लाल सरबत यांवरून रासबेरी ओळखली. फळ मात्र पाहिलेच नाही. येथे तुलनेला जागाच नाही. आमच्यापुरती गोळी हेच मूळ आणि फळ ही तिची नक्कल!

आंब्याची गोळी चाखणारा मराठी माणूस लगेच न्यायाधीश होतो. केळ्याचा वास बव्हंशी एका द्रव्याने साधता येतो. आंब्याचा साधत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी हापूसच्या गंधाचा माग काढला तेव्हा त्यांना अनेक द्रव्यांचा मेळ आढळला. कैरीच्या अवस्थेत टर्पिनांचा उग्र दर्प, आणि फळ पिकत आले की त्यात लॅक्टोन व फ्युरॅनोन यांची गोडसर भर. गोळी या मेळातील दोनचार स्वर तेवढे घेते. म्हणून ती आंब्याची आठवण देते, आंबा देत नाही; आणि मार्गशीर्षात, आमराईत मोहोर येण्याच्या आधी, आठवणही पुष्कळ झाली. कैरीची गोळी या बाबतीत अधिक चतुर निघाली. २०१५ साली बाजारात आलेल्या ‘पल्स’ गोळीच्या पोटात आंबटखारट पूड होती. शाळेच्या फाटकापाशी तिखटमीठ लावलेली कैरी ज्यांनी खाल्ली आहे त्यांच्या जिभेची नाडी त्या पुडीने बरोबर ओळखली.

पण नाशिककराची खरी परीक्षा होते ती द्राक्षाच्या गोळीवर. ओझरला १९२५ च्या सुमारास रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी द्राक्षबाग लावली, तेव्हापासून हा जिल्हा द्राक्षाचा झाला. भोकरी, फकडी, पंढरी साहेबी या जुन्या जाती गेल्या, अनाबशाही आली, तिच्या मागून बिनबियांची थॉमसन आली. ज्या जिभेने हे सारे चाखले ती जांभळी मऊ गोळी चघळते आणि म्हणते, “हे द्राक्ष नव्हे!” तिचे म्हणणे बरोबर आहे, आणि तरीही गोळी खोटे बोलत नाही. ती दुसऱ्या द्राक्षाशी इमान राखून आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील काँकर्ड गावी एफ्रेम बुल याने १८४९ साली एक जांभळी जात निपजविली. तिच्यात मिथाइल अँथ्रॅनिलेट नावाचे द्रव्य मुबलक असते, आणि त्याचा वास उग्र, जरासा अत्तरासारखा येतो. वेल्च याने १८६९ साली त्या द्राक्षाचा न आंबणारा रस बाटलीबंद केला, आणि हळूहळू त्या देशात द्राक्षाची चव म्हणजे काँकर्डची चव असे समीकरण झाले. ते द्रव्य रसायनशाळेत सहज करता येत असल्याने गोळीवाल्यांनी उचलले. आपल्या थॉमसन द्राक्षात ते जवळजवळ नसतेच. तेव्हा पिंपळगाव-दिंडोरीच्या बागाइतदाराचे पोर आपल्याच गावच्या फळाच्या नावाने एका परक्या गावचे फळ चघळत असते. त्या अमेरिकन जातीला गावाचे नाव मिळाले होते. गोळीवर येईपर्यंत तेही गळून पडले आणि नुसते ‘द्राक्ष’ उरले.

मऊ गोळ्यांच्या व्यापारात नावे अशी सहज बदलतात. इंग्लंडात १९६० साली ‘ओपल फ्रूट्स’ म्हणून स्ट्रॉबेरी, लिंबू, संत्रे आणि हिरवे लिंबू या चार चवींची चघळगोळी निघाली. अमेरिकेत ती ‘स्टारबर्स्ट’ झाली आणि १९९८ साली जन्मभूमीतही तिचे जुने नाव पुसले गेले. माल तोच असूनही इंग्रज ग्राहक हळहळले. जपानात १९७५ साली निघालेली ‘हाय-च्यू’ आज तऱ्हेतऱ्हेच्या नव्या चवी काढून जगभर फिरते. आपल्याकडे पाचगणीला १९५९ पासून फळप्रक्रिया करणाऱ्या मॅप्रोने फळांचा गर घालून ‘फलेरो’ या मऊ गोळ्या केल्या. पेरूची गोळी चाखताना त्यात आंबापोळीचे दूरचे नाते जाणवते, आणि फळ व नाव पुन्हा थोडी जवळ आल्याचे समाधान वाटते.

रावळगावचे पुढे काय झाले, ते नाण्याच्या इतिहासाशी निगडित आहे. गोळीची किंमत ही नेहमी एका नाण्याची किंमत असते. साखर महागो, ग्लुकोज महागो, मजुरी वाढो; पाच पैशांची गोळी सहा पैशांना विकता येत नाही, कारण पोराच्या मुठीत नाणे एकच असते. नाणे बदलेपर्यंत कारखान्याने सोसावयाचे, किंवा गोळी लहान करावयाची. मधल्या काळात गोळीच नाणे झाली: “सुटे नाहीत, गोळ्या घ्या” हे वाक्य प्रत्येक गिऱ्हाइकाने ऐकले आहे. २०११ साली पावली चलनातून गेली. अधेली कायद्याने चालू राहिली तरी व्यवहारातून दिसेनाशी झाली. २०१६ नंतर हातयंत्रावरून पैसे पाठविण्याची सोय झाली तेव्हा सुट्या पैशांची अडचणच सरली, आणि तिच्या आधाराने खपणारी गोळीही मागे पडली. मोठ्या कंपन्या एका बाजूने आणि विनानावाचा घरगुती माल दुसऱ्या बाजूने, या कात्रीत रावळगावचा बाजारातील वाटा घटत गेला. तसे कंपनीनेच सांगितले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये हा गोळ्यांचा व्यवसाय रिलायन्स समूहातील कंपनीने २७ कोटी रुपयांना घेतला. व्यवहाराची कलमे इतिहासाच्या विद्यार्थ्याने बारकाईने वाचावीत अशी आहेत. विकली गेली ती बोधचिन्हे, पाककृती आणि बौद्धिक स्वामित्वाचे हक्क. जमीन, इमारती, यंत्रे ही जुन्या कंपनीकडेच राहिली. म्हणजे जे हाताला लागते ते जागेवर राहिले, आणि जे नुसते उच्चारता येते ते गेले. १८५१ साली फळाचे नाव फळापासून सुटले, त्याच वाटेने १७३ वर्षांनी गावाचे नाव गावापासून सुटले.

यात कोणाला दोष द्यावा असे नाही. व्यवहार रीतसर झाला. नाव विकत घेणाऱ्याला ते जगविण्याचीच इच्छा असणार. आणि सातबाऱ्यावरचे, एसटीच्या पाटीवरचे रावळगाव कोणी विकत घेऊ शकत नाही. पाककृतीही लिहून ठेवलेली असते, ती कोठेही नेता येते. पण पाक नेमका केव्हा उतरवावा हे ज्यांच्या हातांना कळत होते, पाळी सुटल्यावर ज्यांच्या कपड्यांना गोड वास येत होता, त्या माणसांचे ज्ञान कोणत्याही करारात मोजलेले नाही. ते विकले गेले नाही. कोणी विचारले नाही तर ते तसेच नाहीसे होईल.

नाशिकजवळ अंजनेरीला १९८० पासून नाणेशास्त्राची संस्था आहे. सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यावरून राज्यांचा इतिहास लिहिता येतो, हे आपल्याला पटलेले आहे. त्याच न्यायाने पाच पैशांच्या नाण्याने घेतलेल्या गोळीच्या कागदावरून एका तालुक्याचा इतिहास लिहिता येईल. अशी वेष्टने जुन्या पुस्तकांत खूण म्हणून घातलेली अजून सापडतात. रावळगावी जुने कामगार भेटतील, तोवर ती जमवून त्यांच्यापुढे ठेवावीत, आणि कोणती चव कोणत्या साली आली, कोणती फसली, कोणती त्यांच्या स्वतःच्या मुलांना आवडली, हे त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावे.