मोठ्या बाई



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा मला हसूच आले. सातवी शिकलेली मी गृहिणी. कळण्याची भाकरी थापणारा हा हात वाण्याची यादी लिहिण्यापलीकडे लेखणी धरीत नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही शाळेच्या व्यवस्थापन समितीवर होता ना? मग शाळेविषयीच लिहा." त्यांचा शब्द मोडवेना, म्हणून हे चार शब्द लिहीत आहे. चुकले-माकले आपण सांभाळून घ्यावे.

समितीवर जाण्यापूर्वी शाळेच्या मुख्याध्यापकांविषयी माझी समजूत फार सोपी होती. खुर्चीवर बसावे, दाखल्यावर सही करावी, १५ ऑगस्टला झेंड्यापुढे भाषण करावे, की झाले काम! लहान मुले त्यांना 'मोठे सर', 'मोठ्या बाई' म्हणतात. त्यातले मोठेपण कशात आहे याचा मी कधी विचारच केला नव्हता. समितीच्या बैठकांना जाऊ लागले तेव्हा तो प्रश्न पडला. मग मंडळाच्या कपाटातील पुस्तके काढून, दुपारची भांडी आवरल्यावर वाचीत बसले. आपल्या महाराष्ट्रात पहिल्या मोठ्या बाई कोण झाल्या आणि त्यांनी काय काय केले, ते त्यात सापडले.

त्या म्हणजे सावित्रीबाई फुले. त्यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावी झाला. १८४० साली, नवव्या वर्षी, जोतीरावांशी लग्न झाले. सासरी आल्यावर पतीनेच त्यांना अक्षरे शिकविली. पुढे त्यांनी अहमदनगरला मिस फॅरार यांच्या संस्थेत आणि पुण्यातील नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षिकेचे रीतसर शिक्षण घेतले. १८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा त्या अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. आपल्याकडे त्या वयाच्या सुनेला पाहुण्यांपुढे बोलायची चोरी असते. येथे सतरा वर्षांची सून घराबाहेर पडून शाळा चालवायला निघाली!

रस्त्याने जाताना लोक त्यांच्या अंगावर शेण-चिखल टाकीत, म्हणून त्या दुसरे लुगडे बरोबर नेत, ही गोष्ट आपण सर्वजणी जाणतो. दर ३ जानेवारीला शाळेतल्या मुली ती भाषणात सांगतात. पण लुगडे बदलून त्या शाळेत शिरल्यानंतर दिवसभर काय करीत, हे कोणी सांगत नाही. मला तर तोच भाग अधिक महत्त्वाचा वाटतो.

१८४९ साली समाजाच्या धाकाने सासऱ्यांनी या नवराबायकोला घराबाहेर काढले. तरी काम थांबले नाही. ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेतच चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पाठोपाठ त्याच वर्षी रास्ता पेठेत आणि १८५२ साली वेताळ पेठेत शाळा निघाल्या. एक घर चालविताना आपला जीव मेटाकुटीला येतो. तीन ठिकाणच्या शाळा म्हणजे तीन जागा, तिथले शिक्षक, पाट्या, पुस्तके आणि मुलींच्या घरच्यांची मनधरणी! या कामासाठी कारभारी मंडळी नेमलेली होती. मुख्य शिक्षिका म्हणून सावित्रीबाई होत्या आणि त्यांनी पगार घेतला नाही. वाचन, गणित, व्याकरण, इतिहास, भूगोल, नकाशे असे विषय मुलींना शिकविले जात.

त्या काळी परीक्षा आजच्यासारखी बंद खोलीत होत नसे. मुलींना लोकांसमोर उभे करून प्रश्न विचारीत. १२ फेब्रुवारी १८५३ रोजी या शाळांची अशी जाहीर परीक्षा झाली तेव्हा दोनशेंहून अधिक मुली होत्या आणि पाहायला पुणेकरांची मोठी गर्दी लोटली होती. विचार करा, भगिनींनो. परीक्षा नावाला मुलींची, पण खरी परीक्षा मोठ्या बाईंचीच की! ज्या गावाने शेण मारले त्याच गावासमोर मुली उभ्या करायच्या आणि त्यांनी धडाधड उत्तरे द्यायची. त्याआधीच, १६ नोव्हेंबर १८५२ रोजी, विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा सरकारी सत्कार झाला होता. शाल जोतीरावांच्या खांद्यावर पडली, परंतु त्या शालीचा अर्धा पदर सावित्रीबाईंचा होता, असे मला वाटते.

शाळेचे खरे फळ दिसायला दोन वर्षे लागली. याच शाळांत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध लिहिला. १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात तो दोन भागांत छापून आला. जिच्या सावलीचाही लोक विटाळ मानीत, त्या मुलीने साऱ्या समाजाला जाब विचारला. मुलींना नुसते 'ग म भ न' गिरवायला लावून असे धैर्य येत नाही. शाळेत आपले म्हणणे ऐकून घेणारे कोणी आहे, हा भरवसा आधी लागतो. तो भरवसा राखणे हेच मोठ्या बाईचे काम.

आणखी एक गोष्ट मनाला फार लागली. १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाईंनी नायगावहून जोतीरावांना पत्र लिहिले. त्या आजारी पडून माहेरी गेल्या होत्या. माहेरी आजारपणात पडून असलेल्या बाईच्या मनात काय असावे? तर आपल्यामागे फातिमेवर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असे त्यांनी लिहिले आहे. फातिमा शेख म्हणजे त्यांची सहकारी शिक्षिका. आपण माहेरी गेलो की घरातले दूध ऊतू गेले असेल का, याची काळजी करतो, तशीच ही काळजी. पण त्यात शहाणपण आहे. आपल्यामागे काम उचलणारे माणूस त्यांनी तयार केले होते. अंथरुणावरूनही त्याच्या कष्टाची त्यांना जाणीव होती. एकट्यानेच सारे ओढणारा मनुष्य थोर असेल, पण तो निजला की शाळाही निजते.

पुण्याची गोष्ट झाली. आता आपल्या शेजारी या. अमळनेर आपल्याला किती दूर? तेथील प्रताप हायस्कुलात १९२४ पासून १९३० पर्यंत साने गुरुजी शिक्षक होते. ते मुख्याध्यापक नव्हते, परंतु वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलांच्या खोल्या झाडाव्या, कपडे धुवावे, आजारी मुलाच्या उशाशी बसावे, असे ते वागत. मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे दैनिक ते स्वतःच्या हाताने लिहून काढीत. १९३० साली सत्याग्रहासाठी त्यांनी नोकरी सोडली. घरापासून दूर राहिलेल्या मुलाला आई आठवू नये इतकी माया लावणे, हे कोणत्या सरकारी नियमात लिहिले आहे? पण ज्याच्या हाती मुले सोपविली त्याचे काम तेथूनच सुरू होते.

आता थोडे माझे सांगते. यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही, म्हणून गावाचे आणि शाळेचे नाव लिहीत नाही. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती. १९९४ साली मी चांगल्या गुणांनी सातवी झाले. वडील माझा दाखला आणायला गेले, मीही बरोबर होते. मुख्याध्यापकांनी मोठे रजिस्टर काढले. शाळा सोडण्याचे कारण या रकान्यात 'इयत्ता सातवी उत्तीर्ण' असे सुरेख अक्षरात लिहिले, सही केली, शिक्का मारला. नियमात तसूभरही चूक नव्हती. आठवीची शाळा चार किलोमीटरवर होती. घरी धाकटा भाऊ सांभाळायचा होता आणि पुढे कापसाची वेचणी होती. माझी शाळा तेथेच संपली. तो दाखला अजून माझ्या ट्रंकेत आहे.

पुष्कळ वर्षांनी, माझी मुलगी दहावी झाली तेव्हा, वडील पेढा हातात घेऊन म्हणाले, "त्या दिवशी गुरुजींनी एवढे जरी विचारले असते, की आता पोरीला कोणत्या शाळेत घालता, तर मी तुला घातली असती. मी वाट पाहत उभा होतो." मला काही बोलता आले नाही. स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला.

म्हणून समितीवर असताना मी एका मोठ्या बाईंचे काम डोळ्यांत तेल घालून पाहिले. २००९ साली शिक्षण हक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण मिळावे असा तो कायदा. शाळेच्या समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत आणि एकंदर निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे त्यात आहे. मुख्याध्यापक या समितीचे सचिव असतात. शिवाय हजेरी, जनरल रजिस्टर, पोषण आहाराचा तांदूळ, शिजलेली खिचडी आधी चाखून पाहणे, शिक्षकांच्या रजा, गळके छप्पर, वरून मागविलेली माहिती, हे सारे त्यांच्याच डोक्यावर. कागद इतके, की माणूस त्यातच बुडून जावा.

पण या बाई बुडाल्या नाहीत. वेचणीचे दिवस होते. पाचवीतली एक मुलगी नऊ दिवस आली नव्हती. बाई हजेरी घेऊन माझ्या दारी आल्या आणि म्हणाल्या, "चला वहिनी, जाऊन येऊ." मुलीची आई शेतातून नुकतीच आली होती. ती म्हणाली, "बाई, पोर शाळामा गयी तं धाकलाले कोन सांभाळी?" वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, हे मला ठाऊक होते, म्हणून मी गप्प बसले. बाईंनी कायदा सांगितला नाही की उपदेश केला नाही. धाकट्याचे वय विचारले आणि अंगणवाडीताईंशी त्याच संध्याकाळी बोलून त्याची सोय लावली. मुलगी गुरुवारी शाळेत आली. पुढच्या वेचणीला पुन्हा चार दिवस बुडाली, तेव्हा बाई पुन्हा गेल्या. हे एकदा करून संपणारे काम नव्हे.

आपल्या खानदेशात रथ निघतो तेव्हा दोर ओढायला शेकडो हात असतात. पण चाकाला मोगरी लावणारा मनुष्य खाली, चाकाजवळ असतो. त्याच्याकडे कोणी पाहत नाही, परंतु वळणावर रथ त्याच्याच हाताने वळतो. मुख्याध्यापकाचे मोठेपण मला तसे वाटते. शिकविण्याचे काम सारेच शिक्षक करतात. कोणते मूल आज आले नाही आणि ते का आले नाही, हे विचारायला उठणे, हे मोठ्या बाईचे पहिले काम. बाकीची सही-शिक्क्याची कामे त्यानंतर.

भिड्यांचा वाडा मोडकळीस आला होता. स्मारकासाठी तो डिसेंबर २०२३ मध्ये उतरविण्यात आला. पुण्याला स्मारक होवो, आनंदच आहे. पण त्या वाड्यातले काम आपल्या गल्लीतही करता येईल. मोठ्या बाई एकट्या, आणि गल्ल्या पुष्कळ. सावित्रीबाईंनाही फातिमेची साथ लागलीच ना? म्हणून माझी मंडळाला एक नम्र विनंती आहे. दसऱ्यानंतर वेचणी सुरू झाली, की प्रत्येक गल्लीतल्या आपल्या दोघीजणींनी आठवड्यातून एकदा शाळेत जाऊन गैरहजर मुलींची नावे घ्यावी आणि त्यांच्या दारी जाऊन नुसते विचारावे, "पोर शाळेत का नाही आली?" त्याला पैसा लागत नाही, शिक्षण लागत नाही. सातवी शिकलेल्या बाईलाही ते जमते. कोणा बापाला त्या एकाच प्रश्नाची वाट असेल.

मंडळाचा उत्तरोत्तर उत्कर्ष होवो, ही बालाजीचरणी प्रार्थना करून माझे चार शब्द पुरे करते.