तळटीप : ‘रनटाइम एरर २००’

* टर्बो पास्कलच्या यादीत या क्रमांकापुढे ‘शून्याने भागाकार’ असे लिहिलेले असते. इथे मात्र शून्याचा काडीचाही संबंध नाही. टर्बो पास्कल ७ (१९९२) मधले सीआरटी युनिट वापरणारा प्रोग्राम सुरू होताच, संगणकाच्या घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, रिकामे लूप किती वेळा फिरते ते मोजतो आणि त्या आकड्याला ५५ ने भागतो. उत्तर १६ बिटांत, म्हणजे ६५,५३५ पर्यंतच, मावते. पेंटियम २ च्या वेगाला ते मावेनासे झाले. शून्याने भागणे आणि उत्तर न मावणे, भागाकाराच्या या दोन्ही चुकांसाठी प्रोसेसर एकच इशारा देतो, म्हणून संदेश दिशाभूल करणारा उमटतो. आपल्या कोडमध्ये शून्य शोधत रात्री घालवणाऱ्यांची त्यात काहीच चूक नव्हती. प्रोग्राम आपली पहिली ओळ चालण्याआधीच कोसळतो, ही खरी खूण. मूळ कोड हाताशी असेल तर दुरुस्त केलेले सीआरटी युनिट घेऊन पुन्हा कंपाइल करावे. नुसती ईएक्सई फाइल असेल तर तिला पॅच लावावा. आजच्या संगणकावर डॉसबॉक्समध्ये सायकल्सचा आकडा खाली आणला, तरी बहुधा काम भागते. — संपा.