करवती लहरीचे शुद्धीकरण: बेल प्रयोगशाळेपासून पवईपर्यंत

संगणकाकडून सूर काढून घेण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९५७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी केला. पुढच्या वर्षी मुंबईत आयआयटीचे वर्ग सुरू झाले आणि मार्च १९५९ मध्ये पवईच्या संकुलाची कोनशिला नेहरूंच्या हस्ते बसली. डिजिटल ध्वनीच्या अभ्यासात या दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न उभा राहिला: टोकदार कोपऱ्यांची लहर आकड्यांत कशी बसवायची?

अडचणीचे मूळ नायक्विस्ट (१९२८) आणि शॅनन (१९४९) यांनी मांडलेल्या नियमात आहे. नमुनादराच्या, म्हणजे सेकंदाला घेतलेल्या नमुन्यांच्या, निम्म्याहून अधिक वारंवारता नमुन्यांत नोंदवता येत नाही. करवतीच्या दातांसारख्या टोकदार करवती लहरीत मात्र मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे हार्मोनिक संपतच नाहीत. सीमेपलीकडचे हार्मोनिक नाहीसे न होता उलटून श्राव्य पट्ट्यात येतात. यालाच एलियासिंग म्हणतात. सीडीचा नमुनादर सेकंदाला ४४,१०० असतो. त्यावर ५,००० हर्ट्झची करवती लहर सरळ सूत्राने काढली, तर ४०,००० हर्ट्झचा आठवा हार्मोनिक ४,१०० वर आणि ४५,००० चा नववा ९०० वर ऐकू येतो. मूळ स्वर ५,०१० पर्यंत चढवला की आठव्याची प्रतिमा ४,०२० वर उतरते. मींड वर जाते आणि तिच्यासोबत एक बेसूर आवाज खाली सरकतो, म्हणून हा दोष मींडेत लगेच कानावर येतो.

सुरुवातीचे उपाय हार्मोनिक मोजून घेण्याचे होते. लहरीचे एक आवर्तन तक्त्यात साठवायचे आणि वरच्या सप्तकांसाठी कमी हार्मोनिकांचे वेगळे तक्ते ठेवायचे, ही वेव्हटेबल पद्धत. त्यात स्मृती खर्ची पडे. १९७० मध्ये विनहॅम आणि स्टाइग्लिट्झ यांनी आणि १९७६ मध्ये जेम्स मूरर यांनी ठरावीक हार्मोनिकांची बेरीज एकाच सूत्रात बसवली. त्या सूत्रातला भागाकार मात्र छेद शून्याजवळ आला की जपून करावा लागे.

१९९६ मध्ये स्टॅनफर्डच्या टिम स्टिल्सन आणि ज्युलियस स्मिथ यांनी प्रश्न उलट बाजूने धरला. करवती लहरीतली उडी म्हणजे एका क्षणिक स्पंदाचे संकलन. तेव्हा आधी स्पंदाचीच वारंवारता मर्यादित करावी आणि मग संकलन करून लहर मिळवावी. ही पद्धत ‘ब्लिट’ नावाने ओळखली जाते.

या विचाराचे साधे रूप पवईतही दिसते. आयआयटी मुंबईच्या वाक्-प्रक्रिया अभ्यासक्रमात बोलण्यातल्या स्वराची कृत्रिम निर्मिती हा एक स्वाध्याय राहिला आहे: उदाहरणार्थ, १६,००० च्या नमुनादरावर १५० हर्ट्झची स्पंदमाला घेऊन ती ९०० हर्ट्झच्या अनुनादकातून, म्हणजे त्या वारंवारतेला उठाव देणाऱ्या गाळणीतून, सोडायची. इथे एका आवर्तनात १०६.६७ नमुने येतात. एका नमुन्यापुरते स्पंद पूर्णांक जागीच बसवले तर दोन आवर्तने १०७ नमुन्यांची आणि तिसरे १०६ चे होते, स्वर खरखरतो. म्हणून स्पंद अरुंद त्रिकोणी घेता येतो. त्रिकोण दोन नमुन्यांच्या मधोमध पडला की त्याची उंची अंतराच्या प्रमाणात दोघांत वाटली जाते आणि सरासरी आवर्तन अचूक राहते. किंमत एवढीच की वरचे हार्मोनिक थोडे दबतात.

यानंतरची प्रगती मुख्यतः गणित वाचवण्याची आहे. २००१ मध्ये एली ब्रँट यांनी तयार उडीचाच मर्यादित आकार आधी मोजून ठेवण्याची पद्धत मांडली. फिनलंडच्या वेसा व्हॅलिमाकी यांनी २००५ मध्ये करवती आकड्यांचा वर्ग करून लगतच्या नमुन्यांची वजाबाकी करण्याची युक्ती दिली. २००७ मध्ये त्यांनी आणि अँटी हुओव्हिलायनेन यांनी ‘पॉलीब्लेप’ पुढे आणली: उडीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या एकेका नमुन्यात छोट्या बहुपदीची दुरुस्ती. ४४,१०० च्या दरावर ४४१ हर्ट्झच्या आवर्तनात १०० नमुने असतात. त्यातले सुमारे दोनच दुरुस्त होतात. उंच स्वरांत ही दुरुस्ती अपुरी पडते. तेव्हा नमुनादर वाढवून लहर काढतात आणि गाळून पुन्हा मूळ दरावर आणतात, किंवा तक्त्यांकडे वळतात.