नांवानें ब्रह्मपुत्रेची

नांदेड-लातूरकडील एखाद्या परसांत ‘ब्रह्मा’ कोंबडी आणावयाची झाल्यास, ती स्वदेशी समजून आणूं नये, असें आम्हांस वाटतें. पायाच्या बोटांपर्यंत पिसें ल्यालेला, थोराड पण गरीब स्वभावाचा हा पक्षी नांवानें ब्रह्मपुत्रेचा. घडला मात्र अमेरिकेंत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शांघाय बंदरांतून तिकडे गेलेल्या भारी कोंबड्या हें त्याचें मूळ. चितगांवकडील रक्तही त्यांत मिसळलें असावें. १८५२ सालीं बर्नहॅम नामक अमेरिकन व्यापाऱ्यानें राणी व्हिक्टोरियास असे नऊ पक्षी नजर केले, आणि त्यांचा बोलबाला झाला. गंमत अशी कीं, याच गृहस्थानें १८५५ सालीं कोंबड्यांच्या त्या वेडाची टर उडविणारा ग्रंथ लिहिला! ‘कोचीन’ कोंबडीचीही तीच कथा. तीही मूळची चीनची.

आपली खरी नामांकित जात असील. तिचे पाय उघडे, स्वभाव झुंजार. ब्रह्मा मुलांच्या कडेवर निमूट बसते, हें खरें. परंतु आमच्याकडील काळी माती पावसाळ्यांत तिच्या पिसाळ पायांना लगदा होऊन चिकटते. तिला कोरडें खुराडें हवें, वैशाखांत दाट सावली आणि गार पाणी हवें. शेजारची गावरान कोंबडी मात्र त्याच चिखलांतून दाणे टिपीत खुशाल हिंडत असते.