बनावट पत्रे आणि डोंगरीचे १०१ दिवस : कोल्हापूर प्रकरण, १८८२

१७ जुलै १८८२ रोजी मुंबईत दोन संपादकांना प्रत्येकी चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. ‘केसरी’चे गोपाळ गणेश आगरकर यांनी तीनच दिवसांपूर्वी सव्विसावे वर्ष पूर्ण केले होते. ‘मराठा’चे बाळ गंगाधर टिळक यांचा सव्विसावा वाढदिवस तुरुंगातच उजाडायचा होता. दोन्ही पत्रे निघून जेमतेम दीड वर्ष झाले होते.

टिळकांचा तुरुंगवास म्हटला की राजद्रोह आणि मंडाले आठवते. पहिला तुरुंगवास मात्र राजद्रोहाचा नव्हता. तो अब्रुनुकसानीचा होता, फिर्यादी इंग्रज नव्हता, आणि खटल्याच्या मुळाशी पत्रकारितेतील सर्वांत जुना प्रश्न होता : हाती आलेला कागद खरा आहे हे कशावरून?

पार्श्वभूमी कोल्हापूरची. छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इटलीत फ्लॉरेन्स येथे निधन पावले आणि त्यांच्यामागे दत्तक आलेले शिवाजी महाराज अल्पवयीन असताना गादीवर बसले. पुढे त्यांना वेड लागल्याचे सरकारदरबारी ठरले. हे वेड खरे की लादलेले, महाराजांचा छळ तर होत नाही ना, अशी कुजबुज महाराष्ट्रभर सुरू झाली. संशयाचा रोख होता संस्थानचे दिवाण रावबहादूर माधवराव बर्वे यांच्यावर. या सुमारास काही पत्रे पुण्यात पोहोचली. ती बर्व्यांनीच लिहिली आहेत आणि त्यांतून महाराजांविरुद्धचे कारस्थान उघड होते, असा पत्रे आणणाऱ्यांचा दावा होता. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी त्यांवर विश्वास ठेवून बर्व्यांवर कडक टीका केली. बर्व्यांनी फिर्याद ठोकली आणि खटल्यात पत्रे बनावट ठरली.

काळाचा योगही विलक्षण होता. देशी भाषांतील पत्रांची मुस्कटदाबी करणारा १८७८ चा कायदा लॉर्ड रिपनच्या कारकिर्दीत, १८८२ च्या आरंभीच रद्द झाला होता. वृत्तपत्रांसाठी केलेली खास बेडी गळून पडली, तरी १८६० ची भारतीय दंडसंहिता जागेवरच होती. तिचे कलम ४९९ संपादक आणि सामान्य नागरिक असा भेद करीत नाही.

या कलमाची रचना नीट पाहण्यासारखी आहे, कारण त्याविषयी आजही गैरसमज आहेत. ‘खरे असेल तर बदनामी होत नाही’ हे अर्धेच खरे. कलमाच्या पहिल्या अपवादानुसार मजकूर खरा हवा आणि तो प्रसिद्ध करणे लोकहिताचेही हवे. इतर अनेक अपवाद ‘सद्भावना’ या शब्दावर उभे आहेत, आणि कलम ५२ त्या शब्दाचा अर्थ बांधून टाकते : योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेली कृती सद्भावनेची मानली जात नाही. म्हणजे हेतू शुद्ध असणे पुरेसे नाही, चौकशीही केलेली असावी लागते. टिळक-आगरकरांच्या हेतूबद्दल त्यांच्या विरोधकांनाही फारशी शंका नसावी. पण पत्रांचे अक्षर कोणाचे, ती कोणाच्या हातून आली, आणणाऱ्याचा हितसंबंध काय, हे प्रश्न छापण्यापूर्वी तडीस नेण्याचे असतात. येथे त्यांची उत्तरे न्यायालयात मिळाली. पत्रांवर भिस्त ठेवता येत नाही हे दिसल्यावर दोघांनी माफी मागितली, पण बर्वे माघार घ्यायला तयार नव्हते.

खटला चालू असतानाच, १७ मार्च १८८२ रोजी, या मंडळींचे आधारस्तंभ विष्णुशास्त्री चिपळूणकर वारले. जामिनाची कथा त्याहून बोलकी आहे. चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त ज्यांच्यावर बोचरी टीका केली होती, त्या जोतीराव फुल्यांच्याच पुढाकाराने त्यांचे स्नेही रामशेट उरवणे दहा हजार रुपयांच्या जामिनासाठी उभे राहिले. पुण्यातील तट आज वाटतात तितके अभेद्य नव्हते.

दोघांनाही डोंगरीच्या तुरुंगात ठेवण्यात आले. २६ ऑक्टोबरला सुटका झाली, तेव्हा १०१ दिवस भरले होते. लोकांनी त्यांचे वीरांसारखे स्वागत केले. आगरकरांनी या दिवसांवर एक छोटेखानी पुस्तक लिहिले. त्यात दोघा मित्रांच्या रात्रंदिवस चाललेल्या वादविवादांच्या आठवणी आहेत.

त्या स्वागताच्या गजरात मूळ चूक झाकली गेली, असे म्हणावे लागते. लोकांच्या दृष्टीने दोघे एका असहाय राजासाठी तुरुंगात गेले होते, आणि तेही खोटे नव्हते. बनावट पुराव्याने सर्वांत मोठे नुकसान केले ते त्या राजाच्याच बाजूचे. न्यायालयापुढचा प्रश्न ‘महाराजांचे काय चालले आहे?’ असा राहिलाच नाही, ‘ही पत्रे बर्व्यांची आहेत काय?’ एवढ्यावर तो येऊन थांबला. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी येताच पहिला विचारणाऱ्यांचे तोंडही बंद झाले.

कलम ४९९ आता इतिहासजमा झाले आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ त्याच्या जागी आले. कमाल दोन वर्षांची साधी कैद कायम आहे, समाजसेवेच्या शिक्षेचा पर्याय तेवढा नवा. सद्भावनेची ‘योग्य काळजी आणि लक्ष’ ही अटही जशीच्या तशी आहे.

कोल्हापूरचे शिवाजी महाराज डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगर येथे मरण पावले. तेथे त्यांना देखरेखीखाली ठेवले होते आणि ग्रीन नावाच्या इंग्रज पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा अंत झाला. टिळक-आगरकर सुटून तेव्हा चौदा महिने झाले होते.