बाहेर उघडणारे दार

आपल्याकडील एखाद्या जुन्या वाड्याच्या दिंडीतून जो कधी वाकून आत गेला असेल, त्याच्या ध्यानात आलेच असेल की, त्या दाराची सारी योजना माणसाला अडविण्यासाठी आहे. कवाडे आत उघडणारी, त्यांच्यामागे भिंतीतून सरकणारा भक्कम अडसर, पायाशी उंच उंबरठा, आणि दिंडी इतकी अरुंद की एका वेळी एकानेच, तेही मान लववून, प्रवेश करावा. लुटालुटीच्या काळात हा बंदोबस्त यथायोग्यच होता. परंतु आतल्या माणसांना जिवाच्या आकांताने बाहेर पडावे लागेल, याची तजवीज दाराने करावयाची असते, हे ज्ञान मनुष्यजातीस फार उशिरा झाले, आणि ते प्रथम मुलांच्या प्राणांचे मोल देऊन झाले.

इंग्लंडातील संडरलंड या जहाजे बांधणाऱ्या शहरी, व्हिक्टोरिया हॉलमध्ये, १६ जून १८८३ रोजी मुलांसाठी करमणुकीचा खेळ होता. खेळाच्या अखेरीस खाली खेळणी वाटली जात आहेत असे पाहून, आपला वाटा हुकेल या निष्पाप भीतीने वरच्या सज्जातील शेकडो मुले जिन्याने धावली. तळाचे दार आत उघडणारे होते, आणि एका वेळी एकच मूल निसटेल एवढी फट ठेवून ते खिट्टी घालून पक्के केलेले होते. पुढची मुले त्या फटीशी अडकली. वळणावरून उतरणाऱ्या मागच्यांना ते दिसले नाही. आग नव्हती, धूर नव्हता. तरी ३ ते १४ वर्षांची १८३ मुले तेथे गुदमरून मेली. खिट्टी कोणी घातली, याचा उलगडा चौकशीतही झाला नाही. पण माझ्या मते खरा अपराध त्या दाराच्या घडणीतच होता.

९ वर्षांनी, १८९२ मध्ये, रॉबर्ट अलेक्झांडर ब्रिग्ज यांनी आतून रेटताच सुटणाऱ्या अडसराचे पेटंट घेतले. तरीही ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोचे नवेकोरे इरोक्वॉय नाट्यगृह पेटले, तेव्हा अपरिचित कुलुपांच्या दारांशी माणसांचे ढीग पडले आणि ६०२ जीव गेले. त्या खेळास जाऊ न शकल्यामुळे वाचलेले कार्ल प्रिन्झलर यांच्या पुढाकाराने १९०८ च्या सुमारास अमेरिकेत दारावरचा आडवा दांडा प्रचारात आला.

या दांड्याची थोरवी अशी की, त्याला किल्ली लागत नाही, अक्षरओळख लागत नाही, बोटांत बळही लागत नाही. अंधारात, कडेवर मूल असताना, नुसत्या अंगाच्या भाराने तो दबतो आणि कवाड बाहेर उघडते. अंध मनुष्यालाही तो हाताशी येतो.

मात्र दारापलीकडे जिना असतो, आणि चाकाच्या खुर्चीवरील माणसासाठी तेथे वाट पुन्हा खुंटते. आगीत उद्वाहन वापरू नये, हा हुकूम सर्वांनाच लागू. मुंबईच्या उंच इमारतींत आश्रयासाठी मोकळी जागा राखण्याचा नियम आहे, आणि २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या कायद्याने संकटसमयी समान संरक्षणाचा अधिकार मान्य केला आहे. त्या जागेपर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर मात्र, वाड्यातल्या त्या उंबरठ्याचा वंशज म्हणावा असा दोन बोटे उंचीचा एक उंचवटा अजूनही पुष्कळ दारांशी आडवा पडलेला असतो, आणि खुर्चीची पुढली लहान चाके तेथेच अडतात.